जोडीचा डबा

मराठी मध्यमवर्गीय घरात कोणतीही वस्तू एकटी येत नाही. तिच्या मागोमाग तिची जोड येते. फ्रिज आला की स्टॅबिलायझर येतो. मिक्सर आला की रस काढायचे भांडे येते. टीव्ही आला तेव्हा गच्चीवर अँटेना आली, चित्रात मुंग्या दिसू लागल्या म्हणून बूस्टर आला, मग व्हीसीआर आला, केबलवाल्याची वायर आली आणि शेवटी सेट-टॉप बॉक्स आला. टीव्हीच्या टेबलामागे हात घातला तर वायरींचे जे जंगल हाताला लागते, ते या सगळ्या जोडींचे. मूळ वस्तू बहुधा घरातला कर्ता माणूस घेतो, जोड मुलांच्या हट्टाने येते. आणि गंमत पाहा, माळ्यावर सर्वांत आधी जाऊन पडते ती जोडच. मूळ वस्तू मात्र खाली, आपल्या जागी बसून असते.

अशाच एका जोडीची ही गोष्ट आहे. ती व्हिडिओ गेमच्या यंत्राला लावायची होती. तिच्यामागे जगातल्या बलाढ्य कंपन्या उभ्या होत्या, हॉलिवूडचे स्टुडिओ होते, आणि तरीही बाजारातले तिचे आयुष्य जेमतेम पंधरा महिन्यांचे ठरले. एवढ्या लहान आयुष्याच्या वस्तूवर रविवारची सकाळ कशाला घालवायची, असे कुणी म्हणेल. पण या एका डब्याने 'विकत घेणे' म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या घरात जसा उभा केला, तसा दुसऱ्या कोणत्याही वस्तूने केला नाही. तो प्रश्न आज, त्या डब्याचे नाव लोक विसरून गेल्यावर, पुन्हा प्रत्येक पालकापुढे येऊन ठेपला आहे.

दोनशे डॉलरचा पाहुणा

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'एक्सबॉक्स ३६०' हे खेळाचे यंत्र नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आणले. भारतात ते २५ सप्टेंबर २००६ रोजी आले. अक्षयकुमार आणि युवराजसिंग त्याच्या जाहिरातीत होते. साधे यंत्र १९,९९० रुपयांना आणि हार्ड डिस्क असलेले २३,९९० रुपयांना. त्या वर्षी एवढ्या पैशांत चांगला फ्रिज येत होता. तेव्हा व्हिडिओ गेम म्हणजे लाडावलेल्या मुलांचे खूळ, अशी बहुतेक घरांत समजूत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या किमतीचे वजन कळेल.

या यंत्रात साधी डीव्हीडी चालत असे. पण त्याच सुमारास डीव्हीडीच्या पुढची तबकडी तयार झाली होती. डीव्हीडीवरच्या चित्रात आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे सुमारे चार लाख ठिपके असतात. नव्या 'हाय डेफिनिशन' चित्रात वीस लाखांहून अधिक. म्हणजे पाचपट बारकावा. एवढे सगळे साध्या तबकडीवर मावेना. म्हणून मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००६ मध्ये एक वेगळा डबा काढला. आत 'एचडी डीव्हीडी' नावाची नवी तबकडी चालवणारा ड्राइव्ह, मागे यूएसबीची वायर, विजेसाठी स्वतंत्र अॅडॅप्टर. किंमत दोनशे डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने नऊ हजार रुपये. सुरुवातीच्या डब्यांबरोबर 'किंग काँग' हा चित्रपट फुकट मिळत होता.

यात एक गोम होती. या डब्यावर फक्त चित्रपट चालत, खेळ नाही. खेळ पूर्वीप्रमाणेच मूळ यंत्रातल्या डीव्हीडीवर येत राहिले. मोठा खेळ असला की त्याच्या तीन-चार तबकड्या होत आणि मध्येच उठून तबकडी बदलावी लागे. आपल्या पिढीला याचे नवल नाही. व्हीसीडीच्या एका तबकडीवर सव्वा तास मावत असे, त्यामुळे हिंदी चित्रपटाची दुसरी, कधी तिसरी तबकडी लावायला घरातल्या सर्वांत धाकट्याला उठवायचे, ही रीतच होती. 'फायनल फँटसी १३' हा खेळ एक्सबॉक्सवर तीन तबकड्यांचा होता आणि सोनीच्या यंत्रावर एकाच तबकडीत मावत होता. सोनीने काय केले होते, ते आता पाहू.

निळा किरण, दोन छावण्या

तबकडीवर माहिती म्हणजे अतिशय बारीक खाचा. त्या वाचायला प्रकाशाचा किरण लागतो. बोरूने जाड अक्षर येते, टाकाने बारीक, तसाच हा प्रकार आहे. किरण जितका बारीक टेकवता येईल, तितके जास्त मजकूर एका पानावर बसतो. साध्या सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल. नव्या तबकड्यांचा ४०५ नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. हा निळा प्रकाश मिळवायला शास्त्रज्ञांना फार खटपट करावी लागली. निळा दिवा देणाऱ्या अर्धवाहकाच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, यावरून त्याचे मोल लक्षात यावे.

किरण एकच, पण तबकड्या दोन निघाल्या. तोशिबा आणि एनईसी यांच्या छावणीची 'एचडी डीव्हीडी', आणि सोनीप्रभृतींची 'ब्लू-रे'. पहिलीत एका थरात १५ गिगाबाइट मावत, दुसरीत २५. तोशिबाने माहितीचा थर डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खोल ठेवला. त्यामुळे डीव्हीडीचे चालू कारखाने थोड्या फेरफाराने वापरता येत होते आणि खर्च कमी येत होता. सोनीने तो थर वर, अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला. माहिती जास्त मावली, पण तबकडीला ओरखडे पडू नयेत म्हणून कडक मुलामा शोधावा लागला, कारखान्यांची यंत्रेही नवी लागली. दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर होती. एकाने खर्च वाचवला, दुसऱ्याने जागा मिळवली.

असे भांडण याआधीही झाले होते. १९७५ साली आलेली सोनीची बीटामॅक्स आणि १९७६ ची व्हीएचएस यांच्या झगड्यात आपल्याकडच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्यांनी दोन्ही कॅसेटी ठेवून पाहिल्या आणि अखेर एकच ठेवली. डीव्हीडीच्या वेळी मात्र शहाणपण सुचले. दोन छावण्यांना संगणक कंपन्यांनी दम भरला आणि १९९५ साली एकच तबकडी ठरली. २००५ मध्ये पुन्हा एकवार बोलणी झाली, पण या वेळी ती फिसकटली.

काट्यावरचा हिशेब

आमच्या कळंबोलीत राहणाऱ्याला या भांडणाचे विशेष आश्चर्य वाटते. मुंबईतला लोखंडाचा बाजार शहरातून हलवून सिडकोने आमच्याकडे वसवला. सकाळी घरातून निघालो की सळयांनी लादलेल्या ट्रेलरची रांग, काट्यावर वजनाला लागलेले ट्रक आणि टपरीवर चहा पिणारे ड्रायव्हर, हे आमचे नित्याचे दृश्य. येथून पुढे पुण्याकडे द्रुतगती मार्ग सुरू होतो, त्यामुळे महाराष्ट्राच्या निम्म्या भागाचे लोखंड आपल्या दारावरून जाते, असा आमचा एक जुना अभिमान.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, या बाजारात काट्यावर कारकून होते. माणूस मूळचा सातारकडचा, बोलणे मोजके, हिशेब तोंडपाठ. त्यांना मी एकदा या दोन तबकड्यांचे भांडण समजावून सांगितले. सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडं बारा एमएमची सळई कुठल्याही मिलची आणा. मीटरला आठशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम म्हणजे आठशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम. घर बांधणारा कधी विचारत नाही, की ही सळई त्या सळईशेजारी चालंल का. तुमच्या कंपन्यांना एवढं जमत नाही?"

दाजींनी नेमके बोट ठेवले. सळईसाठी भारतीय मानक आहे, आयएस १७८६. व्यापारी भाव वेगवेगळा लावेल, पण जाडी आणि वजन याला मोजमाप आहे. मानक असले की स्पर्धा मालाच्या गुणात होते. मानक नसले की स्पर्धा गिऱ्हाईकाच्या गळ्यात कोण आधी पट्टा अडकवतो याची होते. आणि आणखी एक फरक. लोखंड भंगारात गेले तरी वितळून पुन्हा सळई होते. हरलेल्या तबकडीचे पुन्हा काही होत नाही.

आत बसवलेले, बाहेर लावलेले

आता या गोष्टीचा गाभा. मायक्रोसॉफ्टने नवा ड्राइव्ह बाहेर ठेवला. सोनीने तो आत बसवला. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या 'प्लेस्टेशन ३' या यंत्रात ब्लू-रे आधीपासूनच होते. त्यामुळे ते भयंकर महाग पडले. अमेरिकेत मोठे यंत्र सहाशे डॉलरचे, आणि आपल्याकडे एप्रिल २००७ मध्ये आले तेव्हा ३९,९९० रुपयांचे. लोकांनी नाके मुरडली. ज्याला चित्रपट पाहायचे नाहीत त्याने ब्लू-रेचे पैसे का भरायचे, असे विचारले गेले. तो प्रश्न रास्त होता. त्या मानाने मायक्रोसॉफ्टचे वागणे समंजस वाटते. खेळ हवा असेल त्याने यंत्र घ्यावे, चित्रपट हवा असेल त्याने वर दोनशे डॉलर टाकावेत. कोणावर सक्ती नाही.

पण बाजाराचा न्याय वेगळा निघाला. ज्याने प्लेस्टेशन घेतले त्याच्या घरी, त्याने मागितले असो वा नसो, ब्लू-रे येऊन बसले. २००७ संपेपर्यंत अशी घरे जगभरात एक कोटीच्या आसपास झाली. जोडीचा डबा घेणारे त्याच्या मानाने मूठभर. स्टुडिओंनी ही घरे मोजली. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केले की यापुढे आमचे चित्रपट फक्त ब्लू-रेवर. मग खांब कोसळावेत तसे सगळे कोसळले. ११ फेब्रुवारीला नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, १५ तारखेला वॉलमार्ट, आणि १९ फेब्रुवारीला खुद्द तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळल्याचे जाहीर केले. चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने जोडीच्या डब्याचे उत्पादन थांबवले. दीड महिन्यात खेळ खलास. दुसऱ्याच वर्षी तोशिबा ब्लू-रेच्या संघटनेत सामील झाली, आणि २०१३ च्या 'एक्सबॉक्स वन'मध्ये मायक्रोसॉफ्टने ब्लू-रे ड्राइव्ह आत बसवला. भांडणारे एका पंगतीला बसले. उपाशी राहिला तो डबा विकत घेणारा.

यातून मला उमजले ते असे. वस्तू आत बसवली, की ती चुकली तर बनवणाऱ्याचे नुकसान होते, कारण त्याचे अख्खे यंत्रच तिच्यावर उभे असते. ती बाहेर लावायला दिली, की ती चुकली तर घेणाऱ्याचे नुकसान होते. बनवणारा दोरी सोडून मोकळा. आत म्हणजे त्याची पैज, बाहेर म्हणजे आपली.

कळंबोलीतला काँग

हा डबा आमच्या बहिणीच्या घरी आला तो हरल्यानंतर. भाच्याला दहावीला चांगले गुण पडले म्हणून दाजींनी शब्द दिल्याप्रमाणे २००७ च्या दिवाळीत बोनसमध्ये पदरचे घालून एक्सबॉक्स घेऊन दिला होता. पुढच्या मे महिन्यात दाजींचे चुलतभाऊ न्यू जर्सीहून सुट्टीला आले. अमेरिकेत तेव्हा या डब्याची किंमत पन्नास डॉलरवर उतरली होती आणि तबकड्या टोपलीत भरून विकायला ठेवल्या होत्या. त्यांनी डबा आणि अकरा चित्रपट आणले. काकांना वाटले, स्वस्तात केवढा आनंद मिळाला पोराला.

येथे एक सुखद गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेची डीव्हीडी आपल्याकडे सहसा चालत नाही. जगाचे विभाग पाडून प्रत्येकाला आकडा दिलेला आहे. डीव्हीडीसाठी आपण पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या. ब्लू-रेलाही असेच अ, ब, क विभाग आहेत. एचडी डीव्हीडीवर हे कुंपण कधी घातलेच गेले नाही. त्यामुळे न्यू जर्सीच्या टोपलीतली तबकडी कळंबोलीच्या सिडकोच्या घरात निमूट चालू झाली. हरलेल्या पक्षाकडे एवढा उदारपणा होता, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

चालू झाली खरी, पण टीव्ही होता जुना, एकवीस इंची, पुढे फुगीर काचेचा. त्या टीव्हीला वीस लाख ठिपके दाखवण्याची ताकदच नव्हती. आम्ही सगळे दाटीवाटीने बसून 'किंग काँग' पाहिला. चित्रपट संपल्यावर दाजी उठले, चपला घालता घालता म्हणाले, "एवढा खटाटोप केला, पण माकड तेच." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे ताईही म्हणाली. भाचा काही बोलला नाही. त्याने तबकडी दोन बोटांनी कडेला धरून डब्यात घातली आणि डबा कपाटात ठेवला.

त्या दिवसांत आपल्या देशातला चित्र-बाजार कुठे होता, तेही पाहा. २००७ सालीच मोझर बेअर या भारतीय कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकायला काढल्या होत्या. किराणा मालाच्या दुकानात, पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर, औषधांच्या दुकानातसुद्धा त्या लटकत असत. तिकडे निळ्या किरणावरून लढाई चाललेली, आणि इकडे आपण चौतीस रुपयांत सहकुटुंब चित्रपट पाहत होतो. पण तीही सद्दी टिकली नाही. २०१८ साली मोझर बेअर दिवाळखोरीच्या कज्ज्यात अवसायनात गेली. तबकडी जिंकलेली असो की हरलेली, तिच्यावर काळ आलाच होता.

२०११ च्या विश्वचषकासाठी दाजींनी चपटा टीव्ही घेतला. वानखेडेवरचा अंतिम सामना २ एप्रिलला झाला, आपण जिंकलो, रात्रभर कळंबोलीच्या रस्त्यांवर फटाके वाजले. पुढच्या रविवारी भाच्याने आठवण ठेवून तो डबा कपाटातून काढला, वायरी जोडल्या आणि काँग पुन्हा लावला. या वेळी खोलीत कुणी बोलेना. त्या अजस्र प्राण्याच्या अंगावरचा केस न् केस वेगळा दिसत होता. पावसाचा थेंब त्याच्या भुवईवरून ओघळताना दिसला. दाजी खुर्ची पुढे ओढून बसले होते. जी तबकडी तीन वर्षांपूर्वीच मेली म्हणून जगाने जाहीर केले होते, तिचे खरे रूप आम्ही त्या दिवशी पाहिले. डबा बिघडलेला नव्हताच कधी. त्याला खाऊ घालणारे कुणी उरले नव्हते, एवढेच.

भाच्याच्या त्या अकरा तबकड्यांचे बारा कधी झाले नाहीत. पण अकराचे दहाही झाले नाहीत.

जोडींचा जुना इतिहास

खेळाच्या यंत्राला तबकडीची जोड देण्याचा हा काही पहिला प्रयोग नव्हता. जपानमध्ये निन्टेन्डोने १९८६ साली आपल्या 'फॅमिकॉम' यंत्राला फ्लॉपीसारख्या चकतीची जोड काढली. दुकानात जाऊन पाचशे येन दिले की जुना खेळ पुसून चकतीवर नवा भरून मिळत असे. पुढे कॅसेटी स्वस्त आणि मोठ्या झाल्या तशी ही जोड मागे पडली. तरीही ती चाळीस लाखांहून अधिक घरांत गेली होती, आणि निन्टेन्डोने चकत्या भरून देण्याची सेवा २००३ सालापर्यंत चालू ठेवली. सतरा वर्षे! घेणाऱ्याची लाज राखणे म्हणतात ते हे. आपल्याकडे गल्लोगल्ली 'नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ एकात' म्हणून जी कॅसेट मिळायची, ती याच फॅमिकॉमच्या नकली भावंडांची. या चकतीची जोड मात्र आपल्या वाट्याला आली नाही.

सेगा कंपनीने १९९१ मध्ये आपल्या 'मेगा ड्राइव्ह'ला सीडीची जोड दिली. मूळ यंत्र घेणाऱ्या तेरा-चौदा घरांमागे साधारण एकाने ती घेतली. खेळ बनवणारा मग विचार करतो, की तेरा घरे सोडून एका घरासाठी खेळ कशाला बनवू? खेळ कमी निघतात म्हणून जोड खपत नाही, जोड खपत नाही म्हणून खेळ निघत नाहीत. या घाण्यातून फारच थोड्या जोडी सुटल्या. १९९९ च्या डिसेंबरात निन्टेन्डोची आणखी एक जोड आली. ती जपानबाहेर गेलीच नाही आणि सव्वा वर्षात बंद झाली.

सर्वांत नाट्यमय गोष्ट मात्र न झालेल्या जोडीची. निन्टेन्डोच्या यंत्राला सीडीची जोड सोनी बनवून देणार होती. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ती जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने सांगितले की आमचा करार फिलिप्सशी. भर मांडवातून नवरदेव उठून जावा, तसा प्रकार. सोनीच्या केन कुतारागी या अभियंत्याने हार मानली नाही. जोड म्हणून जन्मणारी वस्तू स्वतंत्र यंत्र म्हणून डिसेंबर १९९४ मध्ये बाजारात आली, आणि तिचे नाव प्लेस्टेशन. बाहेरची म्हणून नाकारलेली सून पुढे घराची मालकीण झाली, तशातली ही कथा.

आता तबकडीच बाहेर

आणि येथे काळाने मोठीच थट्टा केली आहे. ज्या सोनीने तबकडी आत बसवून लढाई जिंकली, तिनेच ती पुन्हा बाहेर काढली. २०२० सालच्या 'प्लेस्टेशन ५'ची दोन रूपे होती, तबकडीचे आणि बिनतबकडीचे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या सडपातळ आवृत्तीत ड्राइव्ह सुटा झाला, काढता-घालता येणारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशात आलेल्या 'प्रो' यंत्रात तो नव्हताच. हवा असेल तर ऐंशी डॉलर टाकून जोडून घ्या. शिवाय तो बसवताना एकदा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी गाठ घालून द्यावी लागते. सतरा वर्षांनी जोडीचा डबा परत आला तो असा. तेव्हा तबकडी नवी होती म्हणून बाहेर, आता जुनी झाली म्हणून बाहेर.

भाचा आता स्वतः बाप झाला आहे. एप्रिल २०२४ मध्ये ते सडपातळ यंत्र आपल्याकडे आले, तेव्हा तबकडीसह ५४,९९० रुपये आणि तबकडीविना ४४,९९० रुपये, असे दोन भाव होते. मधले अंतर बरोबर दहा हजार. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, दहा हजार वाचवू का? सगळे खेळ हल्ली डाउनलोडच होतात." दाजी कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवता त्यांनी विचारले, "आणि मित्राला द्यायचा झाला तर?"

एवढेच विचारले. पण सगळे त्यात आले. तबकडी मित्राला देता येते, बदल्यात त्याची आणता येते, खेळून झाल्यावर निम्म्या किमतीत विकता येते, धाकट्या भावाला ठेवता येते. डाउनलोड केलेला खेळ यांतले काही करू देत नाही. आपण 'विकत घ्या' हे बटण दाबतो, पण मिळतो तो वापरण्याचा परवाना. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला, की परवाना विकत असाल तर तसे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. बारीक अक्षरांतली गोष्ट सरकारला मोठ्या अक्षरांत लिहायला लावावी लागली.

दुकान बंद झाले तर काय होते, याचीही उदाहरणे आता आहेत. निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांचे इंटरनेटवरचे दुकान २७ मार्च २०२३ रोजी बंद केले. एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. आधी घेतलेले खेळ चालतात, पण नवीन काही घेता येत नाही. म्हणजे आज त्या यंत्रासाठी काही मिळवायचे तर जुन्या तबकड्यांकडेच वळावे लागते. ज्या तबकडीला आपण अडगळ म्हटले, तीच दुकानाच्या पाठीमागे उरली.

दुसरी बाजूही खरी आहे. तबकडीला जागा लागते, ओरखडे पडतात, आणि नव्या खेळाच्या तबकडीवर पुष्कळदा अर्धाच खेळ असतो, उरलेला डाउनलोड करावाच लागतो. ज्याचे घर लहान, इंटरनेट चांगले आणि खेळ एकदा खेळून विसरण्याची सवय, त्याने दहा हजार वाचवले तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. भाच्याने मात्र तबकडीचे यंत्र घेतले. कपाटातल्या त्या अकरा तबकड्यांकडे पाहून घेतले, असे तो म्हणतो.

काउंटरवर विचारायचे प्रश्न

हे केवळ खेळाच्या यंत्रापुरते नाही. पाण्याचे फिल्टर एका खास काडतुसावर चालते, प्रिंटर एका खास शाईवर, घड्याळ एका खास अॅपवर. दिवाळी जवळ आली की आपण मुलांचा हात धरून दुकानात जातो, विक्रेता भराभर बोलतो, आणि मुलाच्या डोळ्यांतली आशा पाहून आपण खिशात हात घालतो. त्या क्षणी चार प्रश्न विचारायला हरकत नाही. यात आत काय आहे आणि बाहेरून काय लावायचे आहे? बाहेरचे उद्या मिळेनासे झाले, तर आतले चालेल का? ही वस्तू मला दुसऱ्याला देता येईल का? आणि तुमची कंपनी उद्या यातून उठून गेली, तर माझ्या हातात काय उरेल?

विक्रेत्याला उत्तरे येतीलच असे नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या कानांवर ते प्रश्न पडतात. किंमत म्हणजे फक्त पाटीवरचा आकडा नव्हे, हे त्याला लहानपणीच कळते. आमच्या स्टील मार्केटमध्ये माल काट्यावर चढल्याशिवाय कुणी पावती फाडत नाही. घरात येणाऱ्या वस्तूलाही एकदा काट्यावर चढवून पाहावे, आणि काटा आपल्या बाजूने वाचावा.